काचेची तार दारावरून गेली

माझी आई बहिरी होती. जन्मापासून नाही. माझी मोठी बहीण झाली तेव्हा तिला कमी ऐकू यायला लागलं, माझ्या वेळी आणखी कमी, आणि मी शाळेत जाऊ लागले तोवर तिला हाक मारून काही उपयोग राहिला नव्हता. शेजारच्या बायका म्हणायच्या, बाळंतपणात कानात वारं शिरलं. आम्हीही तेच धरून चाललो.

आमचं घर गडचिरोलीच्या जंगलात, आलापल्लीला, मोठ्या रस्त्याच्या कडेला. अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नातल्या पेट्या, धान ठेवायच्या कोठ्या, फुटक्या बादल्यांना नवीन बूड. पुढच्या पडवीत त्यांचं काम, मागे आम्ही. दिवसभर ठोकाठोक, आणि समोरून डेपोकडे जाणारे सागाच्या लाकडांचे ट्रक. त्यामुळे आम्हाला सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय होती. अम्मी ओठांवरून बोलणं ओळखायची, म्हणून बोलताना तोंड तिच्याकडे करायचं, हा घरचा नियम. तिच्याकडे पाठ करून बोललं की अब्बा ओरडायचे. ‘पाय’, ‘बाई’ आणि ‘माय’ हे तिन्ही शब्द तिला ओठांवर एकसारखे दिसायचे, पण बोलण्याचा रोख धरून ती बरोबर अर्थ लावायची. घरात आमची भाषा हिंदी, उर्दू आणि मराठीची खिचडी होती. इथे मी ती गावच्या बोलीतच लिहिते, कारण आता आठवतानाही ती मला तशीच ऐकू येते.

नव्वदचं दशक संपता संपता आपाचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, लग्न झालं. दुल्हाभाई आखातात एसीच्या कंपनीत फोरमन होते. आपा त्यांच्यासोबत गेली. अब्बांनी टेलिफोनसाठी आधीच नंबर लावून ठेवला होता. ती गेल्यावर काही महिन्यांनी फोन घरी आला. काळा नव्हता, फिकट हिरवा होता. अब्बांनी त्याच्यासाठी पत्र्याची एक छोटी पेटी बनवली, कुलूपवाली, आणि फोन आला की किल्ली शोधण्यात दोन-तीनदा रिंग संपून गेली, तेव्हा ती पेटी काढून टाकली.

शुक्रवारी दुपारी आपाचा फोन यायचा. आधी अब्बा बोलायचे, मग मी. मग अम्मी रिसीव्हर हातात घ्यायची आणि कानाला नाही, गालाला लावायची.

“थरथरून राह्यलं,” म्हणायची. “बोलून राह्यली न ती?”

मी पुन्हा रिसीव्हर घ्यायची, आपाचं ऐकायची आणि आवाज न काढता तेच वाक्य ओठांनी अम्मीला सांगायची. अम्मीनं सांगितलेलं फोनमध्ये बोलायची गरज नव्हती. तिचा आवाज एवढा मोठा होता की आपाला तिकडे ऐकू जायचा. निदान पहिली काही वर्षं तरी जायचा.

त्याच सुमारास रस्त्याच्या कडेनं नाली खोदणं सुरू झालं. बाहेरून आलेले मजूर होते, बायका-लेकरांसह. सोबत मोठमोठी लाकडी चाकं, त्यांच्यावर गुंडाळलेला पाइप. सुपरवायझर पांढरी टोपी घालून आमच्या पडवीच्या सावलीत बसायचा आणि अब्बांचा चहा प्यायचा. त्याला अब्बांनी विचारलं, हे काय टाकून राह्यले?

“काच,” तो म्हणाला. “काचेची तार. केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड जातो आणि उजेडातून बोलणं जातं. फोटो जातो, सिनेमा जातो, सगळं जातं.”

अब्बांनी आयुष्यभर पत्रा कापलेला. काच वाकते, हे त्यांना पटेना. सुपरवायझरनं एक तुकडा आणून दाखवला. अब्बांनी तो बोटाला गुंडाळून पाहिला. मग अम्मीला दाखवला. मी अम्मीला ओठांनी सांगितलं की यातून फोटो जातो, हलणारा, बोलताना दिसतो तसा.

अम्मी त्या तुकड्याकडे बघत राहिली. “म्हंजे तिचं तोंड दिसन?”

“दिसेल,” मी म्हणाले. मला खरं तर काहीच माहीत नव्हतं.

“मंग आपल्या घरी कधी येते हे?”

अब्बांनी तोच प्रश्न सुपरवायझरला विचारला. तो हसला. “हे तुमच्या घरासाठी नाही चाचा. हे आलापल्लीसाठी आहे.”

“आमी आलापल्लीतच राह्यतो न जी?”

तो यावर काय म्हणाला ते मला आठवत नाही. बहुतेक म्हणाला, हळूहळू. नाली आमच्या दारासमोरून गेली, पुढे आष्टीच्या बाजूनं बुजवली गेली, आणि रस्त्याच्या कडेनं ‘खाली केबल आहे, खोदू नये’ असं लिहिलेले छोटे दगड उभे राहिले. एक आमच्या पडवीला अगदी लागून. अम्मी सकाळी सडा टाकताना तोही धुवायची.

वर्षं गेली. तार दारात, आणि घरात तोच हिरवा फोन. मी बी.ए. झाले, गावातल्या शाळेत शिकवायला लागले, कॉम्प्युटरचा एक कोर्स केला. लोक म्हणायचे इंटरनेट आलं. कुठे आलं, हे मला समजत नसे. चंद्रपुरात आलं होतं, गडचिरोलीत आलं होतं, आणि तिथून निघालेली तार आमच्या दगडाखालून जात होती, एवढं खरं. टेलिफोन ऑफिसात गेले की सांगायचे, वरून आलं की मिळेल. लाइनमन भाऊ आमच्या ओळखीचे होते. त्यांनी मला समजावून सांगायचा प्रयत्न केला.

“पाहा बाई, ते मोठी नहर हाय. नहरीतून पाणी तलावात येते. तलाव म्हंजे आपलं एक्स्चेंज. तुमच्या घरी येते तो कच्चा पाट. जुना ताराचा. नहर किती का भरून वाहो, धानाच्या बांधीत येईन तेवढंच जेवढं पाटातून येईन.”

“मग पाट कधी पक्का करणार?”

“ते मले का मालूम?”

या काळात शुक्रवारच्या फोनला काहीतरी झालं. आपाला मुलगी झाली होती, दीड-दोन वर्षांची असेल. आधी आपा तासभर बोलायची. आता मध्येच म्हणायची, “काय? आवाज नाई येत.” अब्बा आणखी ओरडायचे. “कट-कट होऊन राह्यली लाइन, अब्बा. नंतर करते.” आणि ठेवून द्यायची. कधी भलतंच उत्तर द्यायची. मी विचारलं की तिकडे गर्मी किती, तर म्हणाली, हो, दोन्ही वेळा. मला वाटलं, आपल्या फोनमध्ये शब्द कुठेतरी सांडतात.

अब्बांनी तक्रार केली. लाइनमन भाऊ आले, खांबावर चढले, पेटी उघडली, जोड पुन्हा केले. खाली येऊन दारातूनच आपल्या हातातल्या फोनवरून आमच्या घरी लावलं, अब्बांनी उचललं.

“लाइन तं बराबर हाय, भाऊ. माहा आवाज नाई येऊन राह्यला का तुमाले?”

“येते.”

“मंग?”

“मंग पोरीले काऊन नाई जात आमचा?”

लाइनमन भाऊंनी समुद्राकडे बोट केल्यासारखा हात केला. “तिकडची असन खराब.”

तिकडून दुल्हाभाई सांगायचे, इथली लाइन एकदम साफ आहे, तुमच्या जंगलातली खराब असणार. दोन्हीकडच्या लाइनी चांगल्या आणि मधलं बोलणं खराब. मला काही म्हणजे काही उमजत नव्हतं. पावसाळ्यात लाइन खरंच खरखरायची, कधी बंदच पडायची, रस्त्याचं काम निघालं की दगडावरचं न वाचता कोणीतरी खोदायचं आणि अख्खं गाव मुकं व्हायचं. त्यामुळे दोष लाइनला देणं सोपं होतं. आणि तो बरेचदा खराही होता.

ब्रॉडबँड आमच्याकडे आलं ते काचेच्या तारेतून नाही, त्याच जुन्या फोनच्या तारेतून. दोन हजारचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. मी शाळेच्या पगारातून कॉम्प्युटर घेतला होता. एक माणूस आला, फोनच्या वायरीला एक डबी लावली, तिच्यातून एक वायर फोनला, एक मोडेमला. मोडेमवर हिरवे दिवे. एक दिवा लुकलुकायचा, तो स्थिर झाला की लाइन लागली. अब्बांनी विचारलं, काचेची तार ती नाही का ही? तो म्हणाला, काच एक्स्चेंजपर्यंत, पुढे हीच. अब्बांना ते फसवल्यासारखं वाटलं, पण अम्मीनं माझा हात ओढला आणि विचारलं, “तोंड दिसन का?”

पहिल्या शुक्रवारी आम्ही दुपारच्या नमाजनंतर तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. अम्मीनं नवी ओढणी घेतली होती. खूप वेळ चक्र फिरत राहिलं, मग चौकोनात आपा दिसली. चौकोन लहान, पण आपाच. जाड झाली होती. अम्मीनं पडद्यावर हात ठेवला आणि काढला.

आपा बोलायला लागली, आणि अम्मीचा चेहरा उतरत गेला. झालं असं की आम्हा ऐकणाऱ्यांना आवाज मिळत होता, त्यामुळे चित्र कसंही आलं तरी आमचं भागत होतं. अम्मीला फक्त चित्र. आणि चित्र उड्या मारत होतं. ओठ एका शब्दावर थांबायचे, पुढचे तीन-चार शब्द न दिसताच निघून जायचे, मग तोंड एकदम मिटलेलं दिसायचं. कधी तोंड उघडं तसंच गोठायचं, जणू आपा किंचाळत आहे.

“का झालं तिले?” अम्मी विचारायची. “रडून राह्यली का? काऊन थांबली?”

“लाइन, अम्मी. स्पीड कमी आहे.”

“स्पीड म्हंजे?”

मी सांगितलं, चित्र इथे पोचायला वेळ लागतो. ती म्हणाली, मग चित्राला हळू यायला सांग, मी थांबते, पण पूर्ण येऊ दे. मला हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

तरी ती दर शुक्रवारी बसायची. मी युक्त्या शोधून काढल्या. पडद्यावरचा चौकोन बारीक केला की ओठ जास्त हलत. सकाळी लवकर लाइन बरी चालायची, पण तेव्हा आपाला वेळ नसायचा. भारनियमन असलं की बॅटरीवर मोडेम चालायचा, पण एक्स्चेंजची काय स्थिती आहे ते देवाला ठाऊक. टेलिफोन ऑफिसातल्या माणसानं स्पीड मोजून दाखवला आणि म्हणाला, यापेक्षा जास्त या तारेवर येत नाही. अम्मीसाठी तो स्पीड म्हणजे अर्धी पानं गळालेलं पुस्तक. पण तिला तेच पुस्तक वाचायचं होतं.

एका शुक्रवारी कॉल संपल्यावर ती उठली नाही. अब्बा पडवीत गेले होते. ती म्हणाली, “तुही बहीण तुह्या तोंडाकडे पाहते.”

“म्हणजे?”

“तू बोलते तवा तुह्या ओठाकडे पाहते. डोळ्याकडे नाई. अब्बा बोलते तवा अब्बाच्या ओठाकडे. अब्बानं मिशी वाढवली न, तवापासून ती अब्बाले दोनदोनदा विचारते.”

मी म्हटलं, लहानपणापासून ती तुझ्याशी बोलते, तिला सवय असेल.

“मले सांगू नोको,” अम्मी म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा होता की अब्बांचा हातोडा थांबला. “तिले ऐकू नाई येत.”

मी अम्मीवर चिडले. लाइनचं तिला काय कळणार, असं मनात आलं. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, पाट, नहर, तलाव, जुनी तार. ती शेवटपर्यंत माझे ओठ बघत राहिली. मग म्हणाली, “चित्र अडकते तवा तुमाले आवाज येते न?”

“येतो कधी कधी.”

“मंग तिले पण जात असन. चित्र अडकते तवा तिचं उत्तर काऊन अडकते?”

मी आठवायला लागले आणि जेवढं आठवलं तेवढी गोंधळत गेले. फोनवरची ती भलती उत्तरं. ‘नंतर करते.’ पण पावसातली खरखर तर मी स्वतः ऐकली होती. तुटलेली केबल मी स्वतः पाहिली होती. एकाच गोष्टीची दोन कारणं असू शकतात, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे तेव्हा मला सुचलं नाही.

पुढच्या शुक्रवारी लाइन नेहमीपेक्षा बरी होती. अब्बा अजून मशिदीतून आले नव्हते. आपा नमाजचा रुमाल बांधूनच बसली होती. थोडं बोलणं झालं. मग अम्मीनं माझ्या कोपराला कोपर लावलं. आमचं आधी ठरलं होतं. मी ओढणीचा पदर कॅमेऱ्यावर धरला. आमचं चित्र तिला काळं झालं असणार. आम्हाला मात्र ती दिसत होती.

मी नेहमीच्या आवाजात विचारलं, “आपा, आज काय बनवलं जेवायला?”

ती पडद्याकडे बघत होती. म्हणाली, “गेली बघ लाइन. गेली. काही दिसत नाई.”

“आपा, आज काय बनवलं?”

“हॅलो? लाइन गेली तुमची.”

तेवढ्यात तिच्या मागून, खोलीतून कुठून तरी, दुल्हाभाईंचा आवाज आला. “बिर्याणी! सांग तिला, बिर्याणी बनवली म्हणून. केव्हाची विचारते आहे.”

आपानं मान वळवली नाही. ती पडद्यालाच सांगत होती, लाइन गेली, लाइन गेली. मग दुल्हाभाई चौकोनात आले. तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी तिचं नाव घेतलं, हळू आवाजात. पुन्हा घेतलं. ती तशीच बसून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. माणसाला एकदम काहीतरी समजतं तेव्हा तो आधी मूर्खासारखा दिसतो. ते तसे दिसत होते.

मी पदर खाली घेतला. आपाला आम्ही पुन्हा दिसलो असणार, कारण ती हसली. आणि अम्मीनं स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि तळहात आडवा हलवला. आमच्या घरात त्या खुणेचा अर्थ ‘नाही ऐकू येत’. लहानपणापासून आम्ही पाहुण्यांना अम्मीबद्दल ती खूण करत आलो होतो. अम्मीनं ती आपाकडे बोट करून केली.

आपाचं हसू तसंच राहिलं. मला वाटलं, पुन्हा चित्र गोठलं. पण मागे दुल्हाभाईंचा हात हलत होता. मग चौकोन काळा झाला.

नंतरचे दिवस फार विचित्र होते. फोन केला की उचलला जायचा नाही. अब्बांना आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कातर ठेवली आणि म्हणाले, “माही पोरगी बहिरी? ते तं मांजराच्या पायाचा आवाज ऐकाची.” आणि सायकल काढून टेलिफोन ऑफिसात गेले. परत आले तेव्हा म्हणाले, लाइन बराबर आहे म्हणतात. ते खोटं बोलतात, असंही म्हणाले. मग पडवीत बसून राहिले, काम न करता. त्या शांततेत मला उलट जास्त गोंधळल्यासारखं झालं. कोणावर रागवायचं हेच समजत नव्हतं. अम्मीला मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, तोंड दिसलं तेव्हापासून शंका होती. फोनवर मला काय दिसणार होतं?

शेवटी आपाचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता फोन. ती एकटीच बोलली, आम्ही मध्ये बोललो तरी ती थांबत नव्हती, म्हणून आम्ही बोलणं सोडलं. म्हणाली, मुलीच्या जन्मानंतर सुरू झालं. आधी डाव्या कानात. मला वाटलं, जाईल. मग उजव्या. बाजारात दुकानदार बोलायचे ते समजेना. ह्यांना वाटायचं, माझं लक्ष नसतं. मी त्यांना तसंच वाटू दिलं. तुम्हाला सांगायचं तर अम्मीसमोर काय सांगू? बाजारातल्या बायका अम्मीला ‘भैरी’ म्हणायच्या, ते मी ऐकत मोठी झाले. मला वाटलं, आता माझ्या पोरीलाही तेच ऐकावं लागेल. तुमची लाइन खराब असायची तेव्हा मला बरं वाटायचं. आणि खराब नसली तरी मी तसं म्हणायची. मग मलाच कळेनासं झालं, कधी लाइन गेली आणि कधी माझे कान.

मी ओठांनी अम्मीला हे सगळं सांगत होते. ‘भैरी’ हा शब्द मी गाळला. अम्मी म्हणाली, “तू काही तरी खाल्लं मधलं.” मग मी तोही सांगितला.

आपा उन्हाळ्यात आली. मोहफुलं वेचून झाली होती, तेंदूपत्ता गोळा करायचे फड लागले होते, जंगलातून जळल्याचा वास येत होता. दुल्हाभाई सोबत होते आणि फार हळू वागत होते, जसं काचेच्या भांड्याच्या दुकानात माणूस वागतो. आम्ही सगळे नागपूरला गेलो. कानाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आपाला एका बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, शिट्ट्या ऐकवल्या, कागदावर रेघा काढल्या. मग विचारलं, घरात अजून कोणाला आहे का?

आम्ही सगळ्यांनी अम्मीकडे बघितलं.

कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, त्या म्हणाल्या. आवाज आला की ते हलतं. काही घराण्यांत ते हळूहळू धरून बसतं, हलत नाही. आईकडून मुलीकडे येऊ शकतं. बाळंतपणात वाढू शकतं. वारं वगैरे काही नाही. आपाचं ऑपरेशन होऊ शकतं. अम्मीच्या बाबतीत आता फार उशीर झाला, आतली नसही थकली आहे, पण मशीन लावून थोडंफार ऐकू येईल.

मी हे सगळं अम्मीला ओठांनी सांगितलं. घरी इतकी वर्षं जे बाळंतपणातलं वारं होतं, ते तांदळाची कणी निघालं. अम्मी डॉक्टर बाईंना म्हणाली, आपल्या त्या मोठ्या आवाजात, की बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी आत डोकावून बघितलं: “माहं राहू द्या. आधी तिचं करा.”

आपाच्या एका कानाचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मी तिच्याजवळ होते. बाहेर कोणी स्टीलची थाळी ठेवली. आपानं दोन्ही हात कानांवर घेतले आणि रडायला लागली. मला वाटलं, दुखतंय. ती म्हणाली, एवढ्या जोरात काय पडलं?

घरी आली तर तिला आमचं घर सहन होईना. ट्रक गेला की दचकायची. आम्ही बोललो की म्हणायची, ओरडता कशाला? आम्हाला कळेना की आम्ही ओरडतो. अब्बांनी काम मागच्या अंगणात नेलं, तरी पत्र्याचा आवाज तिला आरपार जायचा, म्हणून त्यांनी काही दिवस नुसतं रेवणकाम केलं, शिसं वितळवून जोड सांधायचं, ठोकणं बंद. अम्मीचं मशीन तोवर आलं होतं. तिनं ते लावलं, एक दिवस घालून फिरली. संध्याकाळी काढून ठेवलं.

“का झालं?” आपानं विचारलं.

“सारं एकच होऊन राह्यलं,” अम्मी म्हणाली. “कोंबडी, गाडी, तू. वेगळं वेगळं नाई येत. तुहा आवाज कोणता ते मले समजत नाई.”

आपा तिच्यासमोर बसली, मशीनशिवाय, आणि दोघी ओठांनी बोलायला लागल्या. आपा आवाज काढत नव्हती. मी दारात उभी होते. एका माणसाला आता ऐकू येत होतं, दुसऱ्याला नाही, आणि दोघी अशा बोलत होत्या की त्यांच्यात ऐकू येणारी कोणती हे मला दिसत नव्हतं.

आपा परत गेली. दुसऱ्या कानाचं ऑपरेशन तिनं पुढे दोन-अडीच वर्षांनी केलं. तिची मुलगी आता माझ्याशी बोलते तेव्हा मी तिच्या प्रत्येक ‘काय?’कडे लक्ष देते, आणि ती चिडते.

शुक्रवारचा कॉल चालू राहिला. ब्रॉडबँड तोच, तार तीच. काचेची दारात आणि जुनी घरात. आपा परत गेल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी चित्र गोठलं. आपा एका बाजूला तिरपी, तोंड अर्धवट उघडं. आवाज मात्र येत होता: “अम्मी, तुमचं चित्र गेलं, पण बोला, मला ऐकू येतंय.”

अब्बा माझ्याकडे बघत होते. खरंच येतंय का, की आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगते, हे कसं ठरवायचं? मला विचारायची भीती वाटली.

अम्मीनं माझ्याकडे बघून विचारलं, “का म्हणते ती?”

मी सांगितलं.

अम्मी त्या गोठलेल्या चेहऱ्याकडे वाकली आणि तिला सांगायला लागली, की यंदा मोहफुलं कमी पडली आणि शेजारणीच्या शेळीनं दोन पिलं दिली.